मुंबईत कपल आणि फॅमिली थेरपी शिकायचीय? फी भरण्याआधी हे तपासा

मुंबईतल्या विद्यापीठांच्या माहितीपुस्तिकांमध्ये ‘मॅरेज अँड फॅमिली थेरपी’ नावाची पदवी शोधायला बसलात तर हाती फारसं काही लागणार नाही. इंटरनेटवर शोधलंत तर अमेरिकेतल्या कॉलेजांची पानंच्या पानं उघडतील. तिकडे हा स्वतंत्र व्यवसाय आहे आणि त्याचा परवाना पन्नासही राज्यांत मिळतो. आपल्याकडे असा वेगळा परवाना नाही. इथे जोडपी आणि कुटुंबांबरोबर काम करणारी माणसं वेगवेगळ्या दारांनी आत आलेली असतात. कुणी समुपदेशन मानसशास्त्रात एमए केलेलं, कुणी क्लिनिकल, म्हणजे मानसिक आजारांच्या मानसशास्त्रातून आलेलं, कुणी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात पदव्युत्तर पदवी घेतलेलं, कुणी ह्यूमन डेव्हलपमेंटवाली, आणि थोडे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर.

त्यामुळे पदवीच्या नावावर फार जाऊ नका. एमए किंवा एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत दोन किंवा जास्त माणसं एकाच खोलीत समोर बसवून काम करायला मिळणार आहे का, आणि ते काम जवळून बघणारं जाणतं माणूस तिथे आहे का, एवढं मात्र खणून खणून विचारा. मी स्वतः या कामात आहे, नव्या मुलामुलींच्या केसेस ऐकते, आणि कोण कुठून शिकून आलंय यापेक्षा कुणाचं काम कुणी बघितलंय हे मला पहिल्या अर्ध्या तासात कळतं.

पहिली पायरी: कुठे बसून काम करायचंय ते ठरवा

‘कपल थेरपिस्ट व्हायचंय’ म्हणताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सोफा, कुंडीतलं झाड आणि टिश्यूचा बॉक्स असलेली खासगी खोली असते. ती एक जागा झाली. मुंबईत हे काम आणखी तीन-चार ठिकाणी चालतं आणि प्रत्येक ठिकाणची पात्रता वेगळी आहे.

वांद्रे-कुर्ला संकुलातलं कुटुंब न्यायालय घ्या. १९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम ९ प्रमाणे न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करायचा असतो, म्हणून तिथे विवाह समुपदेशक असतात. या पदाच्या जाहिरातींत समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि कौटुंबिक समुपदेशनाचा अनुभव मागितला जातो. म्हणजे मानसशास्त्रात उत्तम मार्कांनी एमए केलंत आणि मग कोर्टात काम करायची इच्छा झाली, तर अर्हतेच्या रकान्यातच अडकायची शक्यता. हा मार्ग मनात असेल तर जुनी जाहिरात शोधून आजच वाचा. कामाची जातही वेगळी आहे. समोरचं जोडपं स्वतःहून आलेलं नसतं, तारीख असते म्हणून येतं. मुलाला भेटायचे दिवस, पोटगी, कुणाच्या वकिलाने काय सांगितलंय, हे सगळं खोलीत हजर असतं. काहींना हे काम फार मानवतं. काही जण महिन्याभरात सुकून जातात.

पोलिसांच्या जोडीने चालणारं काम हा दुसरा प्रकार. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, आणि पुढे ती पद्धत राज्यभर पसरली. तिथे बाई तक्रार घेऊन येते, नवऱ्याला बोलावणं जातं, सासरचे येतात. हे काम प्रामुख्याने समाजकार्याचं शिक्षण घेतलेल्यांचं आहे.

रुग्णालयात घरच्यांबरोबरचं काम स्किझोफ्रेनिया, व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न अशा निमित्तांनी होतं. याला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. पन्नासच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला लावलं आणि उपचारात सामील करून घेतलं. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कौटुंबिक मनोविकारशास्त्राचं स्वतंत्र केंद्रच आहे. रुग्णालयात बसायचं असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर ही ओळख लागते.

खासगी प्रॅक्टिससाठी समुपदेशन मानसशास्त्राची एमए हा नेहमीचा रस्ता. फक्त एक लक्षात घ्या, जोडपी कामावरून सुटल्यावर येतात, म्हणजे संध्याकाळी सातनंतर आणि शनिवार-रविवारी. तुमच्या स्वतःच्या संसाराचे तेच तास असतात.

दुसरी पायरी: आपल्या पदवीला कोणतं दार उघडतं ते बघा

एमएसडब्ल्यूला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. बीकॉम, बीएस्सी, इंजिनिअरिंग करून मग इकडे वळणाऱ्यांसाठी हा सरळ मार्ग आहे, आणि मुंबईत त्याला उगाचच दुय्यम समजलं जातं. कुटुंबाचं काम म्हणाल तर एमएसडब्ल्यूच्या मुलांना पहिल्या वर्षापासून आठवड्यातले ठरलेले दिवस फिल्डवर्कला पाठवतात. वस्तीतल्या घरात जाऊन, चहा घेऊन, आजीशी बोलून आलेला विद्यार्थी कुटुंब म्हणजे काय हे वर्गात बसलेल्यापेक्षा लवकर शिकतो.

मानसशास्त्रातल्या एमएला बहुतेक ठिकाणी बीएला मानसशास्त्राचे ठरावीक पेपर किंवा क्रेडिट असावे लागतात. तिसऱ्या वर्षाला एकच पेपर घेतला होता आणि तेवढ्यावर चालेल, असं गृहीत धरू नका. गुणपत्रिका समोर ठेवून क्रेडिट मोजा आणि विभागाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. खिडकीवर कुणी ‘हो हो, होईल’ म्हणालं, त्याला काही अर्थ नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांना एक वर्षाची एमए करता येईल अशी सोय आहे. वेळ आणि पैसा वाचतो हे खरं. पण थेरपीत एका वर्षात प्लेसमेंट, म्हणजे शिकताना प्रत्यक्ष काम करायची जागा, लागायला तीन महिने, केस मिळायला दोन महिने, आणि हात बसायला लागेपर्यंत परीक्षा. या क्षेत्रात दोन वर्षांचा अभ्यासक्रम मिळत असेल तर तोच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी पायरी: शहरातल्या जागा

देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे टिस, १९३६ सालची. समाजकार्याचं शिक्षण देशात इथून सुरू झालं. उपयोजित मानसशास्त्रात समुपदेशन आणि क्लिनिकल हे प्रवाह, आणि समाजकार्यात मानसिक आरोग्य, बालक व कुटुंब असे विशेष विषय अशी इथली ओळख आहे. प्रवेशाची सुरुवात आता सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर प्रवेशाच्या देशपातळीवरच्या परीक्षेने होते. चुरस देशभरातून असते.

मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग कालिन्याला आहे. फी सरकारी विद्यापीठाची, म्हणजे मध्यमवर्गीय घराला पेलणारी. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या एसएनडीटीत मुलींसाठी चर्चगेटला मानसशास्त्र आणि जुहूला ह्यूमन डेव्हलपमेंट आहे. हा दुसरा विषय लोकांच्या यादीतून निसटतो. मूल, पालक, विवाह, म्हातारपण असा कुटुंबाचा पूर्ण पट तिथे अभ्यासाला असतो. थेरपीचं कौशल्य मात्र वेगळं मिळवावं लागतं. न्यू मरिन लाइन्सचं निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय १९५५पासून आहे आणि मुंबईतल्या संस्था-संघटनांशी त्याचं जुनं नातं आहे, ते फिल्डवर्कला कामी येतं. शिवाय खासगी आणि अभिमत विद्यापीठं आहेतच. त्यातली काही चांगली, काही नुसती चकचकीत.

ठाण्याचं आयपीएच, म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेलं, पदवीचं विद्यापीठ नव्हे. पण मराठीतून मानसिक आरोग्याचं काम कसं चालतं हे बघायला तिथल्या कार्यक्रमांना जरूर जा.

विशेष विषय दर दोन-तीन वर्षांनी उघडतात, बंद होतात, नाव बदलतात. ताईने चार वर्षांपूर्वी केलेला कोर्स आज तसाच असेल असं धरू नका. चालू वर्षाची पुस्तिका डाउनलोड करा.

चौथी पायरी: सिलॅबस कसा वाचायचा

पुस्तिकेतला ‘कार्यक्रमाची उद्दिष्टं’ हा भाग सोडून द्या. तो सगळीकडे सारखाच असतो. थेट पेपरांच्या यादीवर या. कुटुंब किंवा जोडप्यांच्या थेरपीचा स्वतंत्र पेपर आहे का? तो सक्तीचा आहे की ऐच्छिक? ऐच्छिक असेल तर गेल्या दोन वर्षांत खरंच शिकवला गेला का? कमीत कमी इतके विद्यार्थी आले तरच पेपर सुरू होईल, अशी अट बऱ्याच ठिकाणी असते आणि ती पुस्तिकेत तळाशी बारीक अक्षरात लिहिलेली असते.

पेपर असेल तर आत काय आहे ते बघा. मरे बोवेनचा तीन पिढ्यांचा विचार, साल्वादोर मिनुचिनची कुटुंबाची रचना आणि माणसामाणसांतल्या मर्यादा, म्हणजे सीमारेषा, मिलान गटाची प्रश्न विचारायची पद्धत, मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एपस्टन यांची, माणूस स्वतःची गोष्ट कशी सांगतो यावर काम करणारी नॅरेटिव्ह थेरपी, जोडप्यांसाठी सू जॉन्सनची भावनाकेंद्री पद्धत आणि गॉटमन दांपत्याचं संशोधन, एवढं साधारण असायला हवं. नावं पाठ करून घेतली जातात की हाताने काम करून घेतलं जातं, हे विचारा. मिलान पद्धतीत मुलाला ‘तुला काय वाटतं’ असं न विचारता ‘आई रागावली की बाबा काय करतात? आणि तेव्हा आजी कुठे जाते?’ असं विचारतात. हे वाचून समजायला दोन मिनिटं लागतात, समोर चिडलेलं कुटुंब असताना सुचायला वर्ष जातं. वर्गात रोल-प्ले किती होतात ते म्हणूनच विचारायचं.

जेनोग्राम शिकवतात का, तेही बघा. म्हणजे कुटुंबाच्या तीन पिढ्यांचा नकाशा. आपल्याकडे तो काढायला बसलं की कागद पुरत नाही. लग्न न झालेली आत्या, गावच्या घराच्या वाट्यावरून बोलणं बंद झालेले काका, पहिल्या बाळंतपणात गेलेली आजी, मुंबईत शिकायला ठेवून घेतलेला मामेभाऊ. विद्यार्थ्याला आधी स्वतःच्या घराचा जेनोग्राम काढायला लावणारा विभाग मला नेहमी बरा वाटत आलाय.

आणि मुलाखतीत संधी मिळाली तर शिक्षकांना एक विचारून बघा. मिनुचिन मर्यादांबद्दल बोलतो, पण एका खोलीत सहा जण झोपतात त्या घरात ही मर्यादा कुठे शोधायची? उत्तर काय मिळतं यापेक्षा समोरची व्यक्ती त्या प्रश्नावर खुलते की वैतागते, ते बघा. चाळीतल्या, वन आरकेतल्या कुटुंबाला ‘गुरफटलेलं’ असं लेबल लावून मोकळं होणारा शिक्षक तुम्हाला मुंबईत काम करायला शिकवू शकणार नाही.

पाचवी पायरी: सुपरव्हिजन. इथे थांबा आणि चौकशी करा

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तुम्ही दुसऱ्या वर्षाला आहात, उपनगरातल्या एका संस्थेत प्लेसमेंट आहे. समोर तिशीतलं जोडपं, डोंबिवलीत सासूसासऱ्यांबरोबर वन बीएचकेत राहणारं. तो प्रत्येक उत्तर तुमच्याकडे बघून देतो, बायकोकडे मान वळवत नाही. तिला काही विचारलं की ती म्हणते, ‘यांनाच विचारा.’ पंधरा मिनिटांनी दार ढकललं जातं. सासूबाई. इतका वेळ बाहेर बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या. ‘मीपण बसू का? काय झालंय ते मला माहितीये सगळं.’ तो लगेच खुर्ची सरकवतो. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागते. तुमच्या हातात पेन, समोर कोरा कागद, आणि तिघंही तुमच्याकडे बघतायत.

या सेशनवर सुपरव्हिजन, म्हणजे जाणत्या थेरपिस्टबरोबर बसून तुमचं काम तपासणं, दोन प्रकारे होऊ शकतं. एका ठिकाणी पंधरा विद्यार्थ्यांच्या गटात, पंधरवड्यातून एकदा, तुमच्या वाट्याला सात मिनिटं येतात. तुम्ही ‘केस प्रेझेंट’ करता. सर म्हणतात, ‘सासूला बाहेर थांबवायचं होतं, नेक्स्ट.’ दुसऱ्या ठिकाणी तुम्ही क्लायंटच्या लेखी संमतीने केलेलं रेकॉर्डिंग किंवा शब्दशः लिहिलेलं सेशन घेऊन बसता आणि मॅडम विचारतात, ‘दार उघडलं तेव्हा तू आधी कुणाकडे बघितलंस? त्याने खुर्ची सरकवली त्यावर तू काहीच कसं बोलली नाहीस? तुझ्या घरी आई खोलीत आली की कोण गप्प होतं?’ तुम्ही चरफडत घरी जाता. पुढच्या सेशनला मात्र सासूबाईंना आत घ्यायचं की नाही हे सुनेला विचारायचं तुम्हाला सुचतं.

प्रवेशाआधी विभागाला आणि संस्थेला विचारायचे प्रश्न हे असे:

• प्लेसमेंट विभाग मिळवून देतो की विद्यार्थ्याने स्वतः शोधायची?
• एकट्या क्लायंटशिवाय जोडपी आणि कुटुंबं बघायला मिळतात का? की फक्त निरीक्षण?
• सुपरव्हायझर स्वतः सध्या जोडप्यांबरोबर काम करतात का?
• वैयक्तिक सुपरव्हिजन किती, गटातलं किती, गटात किती जण?
• सेशन मराठीत किंवा हिंदीत झालं तर ते त्याच भाषेत मांडता येतं का?

हा शेवटचा प्रश्न किरकोळ समजू नका. शिक्षण इंग्रजीत, क्लायंट मराठी, आणि सुपरव्हायझरला मराठी येत नाही, असं मुंबईत सर्रास होतं. ‘माहेरी निघून जा’ हे कुठल्या सुरात म्हटलं गेलं, यावर पुढचं सगळं सेशन अवलंबून असतं.

या प्रश्नांची पुस्तिकेतली उत्तरं गोड असतात. खरी उत्तरं दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडे. कॉलेजच्या कॅन्टीनला जा, चहा घ्या, दोघा-तिघांना गाठा. ‘गेल्या महिन्यात सुपरव्हिजनमध्ये तुझी कोणती केस झाली, आणि काय बोलणं झालं?’ एवढंच विचारा. नुकतं झालेलं सांगणारा विद्यार्थी भेटला तर विभाग जिवंत आहे. एका खासगी कोर्समधली मुलगी मला म्हणाली होती, ‘लॉगबुक भरायचं असतं, तास आम्हीच टाकतो.’ त्या कोर्सची फी तिच्या वडिलांनी कर्ज काढून भरली होती.

सहावी पायरी: हिंसा आणि कायदा शिकवतात का?

जोडप्यांबरोबर काम करायचं म्हणजे कधी काम करायचं नाही हेही यावं लागतं. मारहाण चालू असताना दोघांना शेजारी बसवून ‘मोकळेपणाने बोला’ म्हणणं धोक्याचं आहे. ती खोलीत जे बोलेल त्याचा हिशोब घरी चुकता होतो. म्हणून सुरुवातीला दोघांना वेगवेगळं भेटून विचारणं, सुरक्षिततेचा आराखडा करणं, हे अभ्यासक्रमात असायला हवं. महापालिकेने सेहत या संस्थेबरोबर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू केलेलं दिलासा केंद्र हिंसा सोसलेल्या बायकांबरोबर काम करतं. अशा जागी विद्यार्थ्यांना पाठवणारा, निदान तिथल्या लोकांना वर्गात बोलावणारा विभाग या बाबतीत गंभीर आहे असं समजा.

कायद्याचं ज्ञान वकिलाएवढं नको, पण २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, हिंदू विवाह कायद्यातलं परस्परसंमतीच्या घटस्फोटाचं कलम १३-ब आणि पोक्सो माहीत हवेत. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की ती कळवावीच लागते, ‘गोपनीयता’ म्हणून दडवता येत नाही. हे पहिल्या सेशनला क्लायंटला सांगायचं असतं.

सातवी पायरी: मान्यता, आणि तिथली ठेच

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे होते. त्यासाठी परिषदेने मान्यता दिलेलाच अभ्यासक्रम लागतो. ‘एमए क्लिनिकल सायकॉलॉजी’ असं पदवीवर छापलेलं असलं तरी त्या संस्थेच्या त्या अभ्यासक्रमाला आरसीआयची मान्यता नसेल तर नोंदणी होत नाही. दर वर्षी कित्येक मुलांना हे पदवी हातात आल्यावर कळतं. ही नोंदणी मुख्यतः एमफिलवर होत आली. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एमफिल बंद करून क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एमफिलला २०२५-२६पर्यंत मुदत दिली होती, त्यामुळे या मार्गावर सध्या बदल चालू आहेत. आरसीआयच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त संस्थांची यादी आणि तिथली मुदत स्वतः बघा.

बाकीच्या मानसशास्त्रज्ञांसाठी आणि समुपदेशकांसाठी २०२१चा सहयोगी आरोग्यसेवा व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत वर्तनविषयक आरोग्याच्या गटात मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि रुग्णालयीन समाजकार्यकर्ते येतात. याच कायद्याच्या आधारे यूजीसीने २०२५मध्ये मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवायला सांगितले. नोकरी सांभाळून पोस्टाने एमए करायचा बेत असेल तर तो सोडा.

तीन शनिवार-रविवारात ‘सर्टिफाइड मॅरेज थेरपिस्ट’ बनवणाऱ्या जाहिराती इन्स्टाग्रामवर भरपूर दिसतील. प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्काही असतो. गॉटमन किंवा भावनाकेंद्री थेरपीची अधिकृत प्रशिक्षणं वेगळी. ती दोन-चार दिवसांची असली तरी आधीच प्रॅक्टिस करणाऱ्यांसाठी असतात. एमए झाल्यावर, दहा-वीस जोडपी बघून झाल्यावर त्यांचा उपयोग होतो.

आठवी पायरी: पैसा, लोकल आणि स्वतःची थेरपी

फीच्या आकड्यात सुपरव्हिजनचा, पर्सनल थेरपीचा आणि प्रवासाचा खर्च मिळवा. काही विभाग विद्यार्थ्याने स्वतः थेरपी घ्यावी असा आग्रह धरतात, आणि ते योग्यच आहे, पण मुंबईत त्याचे दर विद्यार्थ्याला जड जातात. सवलतीच्या दरात कुठे होते ते आधी शोधा. प्रवासाचंही तसंच. बदलापूरहून देवनार म्हणजे कुर्ल्याला हार्बर पकडून गोवंडी, आणि प्लेसमेंट मालाडला लागली तर शहराचं दुसरं टोक. संध्याकाळची सेशन्स करून रात्री साडेनऊची लोकल पकडायची, मग प्रोसेस नोट्स, म्हणजे सेशनमध्ये काय घडलं त्याची टिपणं, लिहायची. घरच्यांशी हे आत्ताच बोलून ठेवा.

नववी पायरी: परदेशाचा विचार असेल तर

अमेरिकेत जाणार असाल तर अभ्यासक्रमाला सीओएएमएफटीई या तिथल्या फॅमिली थेरपी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का ते बघा, आणि ज्या राज्यात राहायचंय त्या राज्याचे परवान्याचे नियम वाचा. प्रत्येक राज्याचे वेगळे. मग बोटांवर एक हिशोब करा. कॅलिफोर्नियात परवान्यासाठी ३,००० तासांचा देखरेखीखालचा अनुभव लागतो, तो निदान १०४ आठवड्यांत पसरलेला हवा. पदवीआधीचे काही तास धरतात, सगळे नाही. विद्यार्थी व्हिसावर शिक्षणानंतर काम करायला मिळतात १२ महिने, आणि हा विषय स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणित विषयांच्या यादीत नसल्याने इंजिनिअर मित्रांसारखी पुढची २४ महिन्यांची वाढ मिळत नाही. परवाना पूर्ण व्हायच्या आधीच व्हिसाची मुदत संपण्याची शक्यता मोठी आहे. एजंट हे सांगत नाहीत. तिकडच्या विभागाला सरळ ईमेल करा, ‘तुमच्या किती परदेशी विद्यार्थ्यांना परवाना मिळाला आणि कसा?’

ब्रिटनमध्ये रस्ता वेगळा. तिथे सिस्टेमिक सायकोथेरपीचं, म्हणजे फॅमिली थेरपीचं, पूर्ण प्रशिक्षण साधारण चार वर्षांचं, आधी फाउंडेशन, मग इंटरमीजिएट, मग दोन वर्षांचा शेवटचा टप्पा, आणि सहसा समाजकार्य, मानसशास्त्र, नर्सिंग असा आधीचा व्यवसाय लागतो. म्हणजे इथे एमएसडब्ल्यू किंवा एमए करून दोन-तीन वर्षं काम केलेल्याला ते जास्त जमतं. शिकून परत यायचं असेल तर हेही धरा की तिकडचा परवाना इथे लागू होत नाही, आणि सरकारी नोकरीसाठी पदवीच्या समकक्षतेचा कागद लागतो.

अर्जाचं वेळापत्रक

सीयूईटी-पीजीचे अर्ज अलीकडच्या वर्षांत डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सुरू झालेत आणि परीक्षा मार्चमध्ये झाली आहे. म्हणजे टीवायच्या दिवाळीनंतर शोधाशोध सुरू केलीत तर वेळेत होतं, निकालानंतर केलीत तर टिसची गाडी सुटलेली असते. विद्यापीठाचे आणि कॉलेजांचे प्रवेश पदवीच्या निकालांनंतर उन्हाळ्यात-पावसाळ्यात होतात. तोपर्यंतच्या महिन्यांत एखाद्या संस्थेत आठवड्याला एक दिवस जा, नुसतं स्वागतकक्षात बसायला मिळालं तरी चालेल. कोण कुणाला घेऊन येतं, कोण बाहेर थांबतं, ते बघायला मिळतं. मुलाखतीत ‘तुम्हाला हे काम का करायचंय’ हा प्रश्न येणारच, आणि ‘मला लोकांना मदत करायला आवडतं’ हे उत्तर समोरच्यांनी सकाळपासून तीसदा ऐकलेलं असतं. त्या बाकावर पाहिलेलं एखादं कुटुंब, नाव-गाव न सांगता, त्यांच्यापुढे मांडा.

जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रीमिलेअर यांतलं जे लागू असेल ते आत्ताच काढायला टाका. जूनमध्ये तहसील कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते. आणि दोन ठिकाणी नाव लागलं तर पहिल्या ठिकाणी फी भरण्याआधी प्रवेश रद्द केल्यास किती पैसे परत मिळतात आणि कुठल्या तारखेपर्यंत, ते पावतीच्या मागच्या बाजूला वाचून घ्या.